सावळीराम गांगुर्डे, हमीदार

तिसरी सिटी बस आली, रिकामी झाली आणि गेली. ज्योत्स्ना भोये उतरली नाही. सावळीराम गांगुर्डेंनी टपरीवर तिसरा चहा सांगितला. चहा त्यांना नको होता, पण टपरीसमोर काही न घेता उभं राहायची त्यांना भीती वाटायची.

समोर बी.एड. कॉलेजचं फाटक होतं. एकसारख्या साड्या नेसलेल्या मुली काखेत गुंडाळफळे मारून आत जात होत्या. शेवटी शिपाई फाटक लोटायला आला तेव्हा सावळीरामांनी रस्ता ओलांडला. आधी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग पहिल्या बाजूला पुन्हा एकदा.

"भोये आली नाही का आज?"

"पेठची भोये? आठवडा झाला. सराव पाठ बिघडला तिचा, तवापासून नाय ती." शिपायानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही वडील का?"

"नाही. हमीदार."

"म्हंजे?"

"म्हणजे तिच्या कर्जाच्या कागदावर माझी सही आहे."

"अरेरे," शिपाई म्हणाला आणि त्यानं फाटक लावून घेतलं.

सावळीराम पाटबंधारे खात्याच्या नाशिकमधल्या एका कार्यालयात लिपिक होते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकही ठपका नव्हता, कारण ठपका येईल असं काही करण्याइतका धीरच त्यांना कधी झाला नव्हता. ते साहेबांना घाबरत, साहेबांच्या ड्रायव्हरला घाबरत, ऑडिटच्या महिन्यात तर टाचण्यांच्या डबीलासुद्धा घाबरत. आज सकाळी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचं कारण त्यांनी 'पोटदुखी' असं लिहिलं होतं. खोटं लिहिलं या भीतीनं अकराच्या सुमाराला त्यांचं पोट खरंच दुखायला लागलं, तेव्हा कुठे त्यांना जरा बरं वाटलं. मूलबाळ नव्हतं. आणखी एका जिवासाठी घाबरायची ताकद आपल्यात उरलेली नाही, तेव्हा झालं ते ठीकच झालं, असं ते बायकोला म्हणत. चिमणाबाई उठून टीव्ही लावत.

अशा माणसाच्या हातून हमीपत्रावर सही झाली, तीही भीतीमुळेच.

२००३ सालचा जुलै. कार्यालयातला रोजंदारीवरचा चौकीदार कोंडाजी भोये टेबलाटेबलाशी जाऊन हात जोडत होता. त्याची मुलगी बी.ए. झाली होती आणि तिला संस्थेच्या कोट्यातून बी.एड.ला जागा मिळाली होती. शिष्यवृत्ती मंजूर होण्यासारखी होती, पण ती वर्ष संपल्यावर येणार आणि फी वर्ष सुरू व्हायच्या आत भरायची. बँक चाळीस हजार द्यायला तयार होती. फक्त हमीदार कायम सरकारी नोकर हवा होता. कोंडाजी स्वतः एकोणीस वर्षं त्याच कार्यालयाची राखण करत होता, पण बँकेच्या लेखी तो तात्पुरता होता.

कार्यालयात बारा लिपिक. अकरा जणांना कारणं सुचली. कोणाच्या मुलीचं लग्न होतं, कोणाच्या प्लॉटचे हप्ते चालू होते, एकाला त्याच क्षणी लघवीला लागली. कोंडाजी बाराव्या टेबलापाशी आला.

"भाऊसाहेब, पोर लय हुशार हाय. शिकवायची लय हौस तिला. तुमचा एक रुपया बुडू देणार नाय."

नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. सावळीरामांना तेवढाही धीर झाला नाही, आणि न बोलण्याचा अर्थ कोंडाजीनं आपल्या सोयीनं घेतला. तो वाकून पाया पडला. पाया पडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे तर त्यांना मुळीच माहीत नव्हतं.

बँकेतल्या तरुण अधिकाऱ्यानं सहा ठिकाणी सह्या घेतल्या आणि हसत हसत सांगितलं, "काका, मुलीनं भरले तर प्रश्नच नाही. नाही भरले तर आम्ही मुलीला ओळखत नाही. तुम्हाला ओळखतो."

त्या दिवसापासून सावळीरामांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. ज्योत्स्ना नापास झाली आहे, पगारातून कपात चालू आहे, पेन्शनची फाईल अडली आहे आणि जेल रोडवरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दारावर कोणीतरी नोटीस चिकटवतंय. चिकटवणाऱ्याचा चेहराही त्यांनी ठरवून टाकला होता. म्हणून महिन्यातून दोनदा ते टपरीवर यायचे, ती फाटकातून आत जाताना पाहायचे आणि पंधरा दिवसांपुरते निर्धास्त व्हायचे. तिलाही ते ठाऊक होतं. ती लांबून हात हलवायची. हे चहाच्या कपात बघायचे.

आणि आता आठवडाभर ती आली नव्हती. वार्षिक पाठ सहा दिवसांवर आला होता. बाहेरच्या परीक्षकांसमोरचा तो पाठ चुकला की वर्ष गेलं.

"मामाच्या टोळीत गेली, भाऊसाहेब," कोंडाजीनं मान खाली घालून सांगितलं. "निफाडकडं. द्राक्षं तोडाय."

दुसऱ्या दिवशी सावळीरामांनी पूर्ण दिवसाची पोटदुखी काढली.

फेब्रुवारीतली निफाडची थंडी अजून गेली नव्हती. एसटीतून उतरून ते तीन बागांत चुकीचे शिरले. चौथ्या बागेत त्यांच्यामागे कुत्रं लागलं. ते भुंकत नव्हतं, नुसतं मागून चालत होतं, आणि न भुंकणाऱ्या कुत्र्याची सावळीरामांना जास्त भीती होती. शेवटी वेलींच्या एका ओळीत, हातात कात्री आणि डोक्याला ओढणी गुंडाळलेली ज्योत्स्ना दिसली.

"काका? तुम्ही इथं?"

"आधी हे कुत्रं हाकल."

तिनं हाड केलं. कुत्रं दोन पावलं मागे सरकून बसलं.

"साठ रुपये रोज हाय," विचारायच्या आतच ती भडाभडा बोलायला लागली. "हंगाम संपला की कांद्याला जाईन. पुढच्या साली परत इथं. सगळं फेडीन, काका. माझ्या बाबानं तुमच्या पाया पडून सही आणली. ती अडकू देणार नाय मी."

गेले सात महिने सावळीरामांना हेच ऐकायचं होतं. पैसे येतील. नोटीस चिकटवणारा दारावरून परत जाईल. आता बरं वाटायला हरकत नव्हती. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, पण बरं वाटेना.

"आणि पाठ?"

ज्योत्स्नानं एक घड कापून क्रेटमध्ये हलकेच ठेवला.

"उभी राहिले आन् घसाच बंद झाला. मग बोलले ते आमच्या घरच्यासारखं. पोरं हसली. मॅडमनी वहीत लिहिलं, भाषा ग्रामीण, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही. आता वर्गाचं दार बघितलं तरी पाय कापतात, काका. भीती गेली की येईन मी. खरंच येईन."

"भीती गेली की?"

सावळीराम क्रेटच्या कडेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या विषयातलं बोललं होतं. या विषयात त्यांचा हात धरणारं अख्ख्या खात्यात कोणी नव्हतं.

"अगं, भीती गेल्यावर जायचं ठरवलं असतं तर मी अजून नोकरीला लागलो नसतो. माझं लग्नही झालं नसतं. बत्तीस वर्षं साहेबांच्या केबिनच्या दाराशी मी थांबतो, एक ते पाच मोजतो आणि आत जातो. भीती बाहेर थांबत नाही. तीही येते आत."

"मग?"

"येऊ दे की. तिला काय खुर्ची लागते?"

ज्योत्स्नाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं.

"कशावर होता पाठ?"

"जलविभाजक."

"हे काय असतं?" सावळीरामांनी मनापासून विचारलं. "बारा वर्षं टाइप करतोय मी. पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी पूर्वेकडे वळवण्याबाबत. विचारायची हिंमत झाली नाही कोणाला."

ज्योत्स्नानं कात्री मांडवाच्या तारेला अडकवली. दोन्ही पंजे एकमेकांना टेकवून घराच्या आढ्यासारखे धरले.

"हे आमचं घर. वर कौलं. पाऊस आला. या अंगाचं पाणी इकडं उतरलं, त्या अंगाचं तिकडं. घर एकच, पाऊस एकच. आता घराच्या जागी आमचा डोंगर धरा. या अंगाचा थेंब दमणगंगेत, पश्चिमेच्या समुद्राला. त्या अंगाचा गोदावरीत, नाशिकवरनं थेट पूर्वेच्या समुद्राला. वर असताना दोघं थेंब शेजारी होते, काका. मधी नुसतं बोटभर आढं."

तिसऱ्या ओळीतल्या बायकांच्या कात्र्या थांबल्या होत्या. कुत्रंही कान टवकारून बसलं होतं.

"हात्तिच्या," सावळीराम म्हणाले. "एवढंच? बारा वर्षं!" मग त्यांनी ओळीच्या टोकाकडे पाहिलं. "शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं बघ."

वार्षिक पाठाच्या दिवशी महापालिकेच्या एका शाळेच्या व्हरांड्यात सावळीराम खिडकीचा गज धरून उभे होते. यावेळी रजेच्या अर्जात त्यांनी 'खासगी काम' असं लिहिलं होतं आणि स्वतःचं ते धाडस दोनदा वाचून पाहिलं होतं. आत सातवीची पन्नास पोरं, मागच्या बाकावर दोन परीक्षक आणि फळ्यापाशी ज्योत्स्ना.

ती बोलेना.

तिचे ओठ हलले. एक, दोन. सावळीरामांनीही मोजायला सुरुवात केली. तीन, चार, पाच. पाचाला ती बोलायला हवी होती. एका परीक्षकानं घड्याळाकडे पाहिलं. सहा. पहिल्या बाकावरचं पोरगं शेजाऱ्याला कोपर मारून हसलं. सात. सावळीरामांच्या हातातला गज चौकटीत सैल होता; त्यांचा हात थरथरला तसा तो खडखडायला लागला. आठ. सगळ्या वर्गानं खिडकीकडे पाहिलं. ज्योत्स्नानंही पाहिलं. त्यांना वाटलं, पळावं. पण गज सोडला तर तो आणखी वाजेल, याची भीती वाटली.

नऊला ती म्हणाली, "मुलांनो, तुमच्यापैकी कौलारू घरात कोण राहतं?"

आवाज कापत होता, पण व्हरांड्यापर्यंत येत होता.

पाठ संपल्यावर परीक्षक बाहेर आले. "सगळा वेळ खिडकीत उभे होतात. आपण कोण?"

"हमीदार," सावळीराम म्हणाले.

परीक्षकांना काही कळलं नाही. त्यांनी नमस्कार केला.

ज्योत्स्ना पास झाली. शिष्यवृत्ती कागदांतच अडकली. वर्षभरानं ती पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत लागली आणि हप्ते सुरू झाले. दर महिन्याच्या सात तारखेला, संध्याकाळी आठच्या सुमाराला, गावातल्या एसटीडी बूथवरून तिचा फोन यायचा.

"काका, हप्ता भरला."

"बरं."

एवढंच बोलणं. कधी ती जोडायची, 'आज साहेब तपासणीला आले, मी पाचपर्यंत मोजलं.' मग हे म्हणायचे, 'बरं बरं.' त्या दिवशी सावळीराम सातपासूनच खुर्ची फोनजवळ ओढून बसत आणि चिमणाबाई टीव्हीचा आवाज कमी करत. लाइन लागली नाही आणि सव्वाआठ झाले तर त्यांना दारावरची नोटीस दिसायला लागायची, आणि नोटिशीच्या आधी दुसरंही बरंच काही दिसायचं. घाटात उलटलेली जीप, ताप, साप. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कर्जाच्या अटींत ते बसत नव्हतं.

दरम्यान ते निवृत्त झाले. पेन्शन विनातक्रार सुरू झाली.

२००९ च्या मार्चमध्ये बँकेनं बोलावलं. काउंटरवरच्या मुलीनं हमीपत्रावर तिरकी रेघ मारली, शिक्का उठवला आणि कागद पुढं सरकवला.

"घ्या काका. सुटलात तुम्ही."

सावळीरामांनी कागद उलटसुलट पाहिला.

"जरा नीट बघता का? व्याज वगैरे. काहीतरी राहिलं असेल."

"काही नाही राहिलं."

"दंड? एखादा हप्ता उशिरा आला असेल."

"एकही नाही. मॅडम फार व्यवस्थित आहेत," मुलगी म्हणाली. "लोक ऐकून उड्या मारतात, काका. तुम्ही घाबरताय कशाला?"

सावळीरामांनी कागदाची चार घड्या घालून तो वरच्या खिशात ठेवला. घरी येताना रस्ता ओलांडायच्या आधी त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, मग पहिल्या बाजूला पुन्हा एकदा.

एप्रिलच्या सात तारखेला संध्याकाळी त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली. चिमणाबाईंनी काही न विचारता टीव्हीचा आवाज कमी केला. मालिका सुरू झाली, संपली. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत राहिली.

साडेआठला चिमणाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज पुन्हा वाढवला.