गोठ्यातला कॅमेरा

“पप्पा, कॅमेऱ्यात मी हसताना तुम्हाला शेवटची कधी दिसले?”

काल जेवताना संस्कृतीनं हा प्रश्न विचारला आणि तिच्या पप्पांचा घास हातातच राहिला. विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. उत्तर मला माहीत होतं मित्रांनो, कारण तो कॅमेरा म्हणजे मीच. जुना, पिवळट पडलेला, मान एका बाजूला कलंडलेला. मला पापणी नाही. त्यामुळे थकलो तरी डोळा मिटता येत नाही.

माझी नोकरी सुरू झाली ती देवगाव रंगारीला, काकासाहेबांच्या गोठ्यात. त्यांचा मुलगा इंद्रजीत शहरात राहतो, वाळूजला कंपनीत आहे. चंद्री गाय गाभण होती, म्हणून त्यानं मला तिथं बसवलं. कामावरून तो मोबाईलमध्ये गोठा बघायचा. एका दुपारी चंद्री बसली ती उठेचना. इंद्रजीतनं लगेच फोन लावला. काकासाहेब शेतातून अनवाणी पळत आले, डॉक्टर आले, आणि वासरू सुखरूप झालं. काकासाहेबांनी उपरण्यानं माझी काच पुसली. म्हणाले, “लई गुणाचं लेकरू हाय हे.” तेवढं कौतुक मला आजवर पुरलं आहे.

मग काकासाहेबांचे गुडघे धरले आणि गाय विकली गेली. इंद्रजीतनं मला काढून शहरात, गारखेड्याच्या घरी आणलं. त्याची मुलगी संस्कृती आठवीत होती आणि सहामाहीत तिचे मार्क घसरले होते. तिच्या टेबलासमोर भिंतीला भोक पाडताना तो म्हणाला, “आमच्या अभ्यासाकडं कुणी बघितलंच नाय. पोरीचं तसं होऊ द्यायचं नाय.” माणूस वाईट नव्हता हो. फक्त गोठ्याचीच रीत त्यानं घरात आणली.

माझ्या पोटात स्पीकर आहे. गोठ्यात तो कधी वापरला नव्हता. इथं मात्र संस्कृती जरा खिडकीबाहेर बघू लागली की माझ्यातून इंद्रजीतचा आवाज यायचा, “संस्कृती, मान खाली. वाच.” पोरगी दचकायची. खोलीचं दार लावायचं नाही, असाही नियम होता. हळूहळू ती दचकायची थांबली. ताठ बसायला शिकली. पुस्तक उघडं, पान तेच. गुणगुणणं बंद झालं. टेबलाखाली ती बोटांची सालटी काढत राहायची. मोबाईलच्या एवढ्याशा चित्रात टेबलाखालचं कुणाला दिसणार? डबा अर्धा परत येऊ लागला, तर तिची मम्मी सुलेखा म्हणाली की आजकाल मुली डाएट करतात. शेजारणीला मात्र कौतुकानं सांगायची, “लई शांत झाली आता. कॅमेऱ्याचा गुण.”

माझा गुण! चंद्रीनं एक वेळ वैरणीला तोंड लावलं नाही तर सगळं घर काळजीत पडायचं. इथं लेकरू सुकत चाललं होतं आणि मोबाईलमध्ये बघून सगळे खूश होते. मला ओरडावंसं वाटायचं. पण माझ्या पोटातला आवाज माझा नव्हता.

गेल्या आठवड्यात तिच्या मैत्रिणी, विशाखा आणि आणखी दोघी, प्रोजेक्टसाठी आल्या. कितीतरी दिवसांनी ती खोली हसली. तेवढ्यात माझ्यातून आवाज आला, “विशाखा, तुम्ही निघा आता. हिची टेस्ट आहे.” मुली वह्या आवरू लागल्या. मग विशाखा हळूच म्हणाली, “काय गं, तुझ्या घरी आकाशवाणी होते व्हय?” संस्कृतीला हसू आलं नाही. तिचे डोळे भरले. तेव्हाच विशाखानं माझ्याकडं बोट दाखवून तिला तो प्रश्न दिला. “विचारून दाखव. नायतर आमच्यात बसू नको.”

आणि काल तिनं विचारलं. उघड्या दारातून मला ताटं दिसत होती.

इंद्रजीत आधी रागावला. मग, “दाखवतो ना तुला,” म्हणत त्यानं मोबाईल काढला आणि माझी जुनी चित्रं मागं मागं नेत गेला. प्रत्येक दिवशी तीच खाली घातलेली मान. शेवटी एकदाचं हसू सापडलं, विशाखा आली होती त्या दिवसाचं. त्याचा चेहरा जरा खुलला. तेवढ्यात मोबाईलमधून त्याचाच आवाज आला, “विशाखा, तुम्ही निघा आता.” आणि हसू बंद पडलं. त्यानं मोबाईल ताटाशेजारी पालथा ठेवला. सुलेखानं लेकीचा हात हातात घेतला आणि सोललेली बोटं पाहिली.

मित्रांनो, आता मला खरंच झोप हवी आहे. तुमच्या घरच्यांना माझं एवढं सांगा: जनावर बोलत नाही, म्हणून त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. बोलणाऱ्या लेकराला जवळ बसून विचारता येतं.

काल संस्कृतीनं मम्मीच्या हातातून हात सोडवून घेतला नाही. तो तसाच ठेवून ती बोलू लागली.

“उद्यापासून मी त्या खोलीत बसणार नाय. इथं, तुमच्यासमोर अभ्यास करणार. झोप आली तर झोपणार, रडू आलं तर रडणार. शाळेतल्या समुपदेशक मॅडमकडं मला जायचंय, तुम्ही दोघं सोबत या. आणि पप्पा, माझ्याकडं बघायचं असलं ना, तर तो मोबाईल असाच पालथा ठेवून बघा.”