अकरा वलयं

त्या दिवशी सकाळी घरात सगळ्यांकडून एकच शब्द घोकवून घेतला होता: अचानक.

विम्याच्या एजंटने दादाला फोनवर तेवढंच शिकवलं होतं. पत्रा अचानक उडाला, पाणी अचानक आत आलं, तक्तपोशी अचानक खराब झाली. कंपनी 'अचानक'चे पैसे देते, 'हळूहळू'चे देत नाही. दादा ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. शिकाऊ लोकांना क्लच-ब्रेक-ॲक्सिलरेटर विचारावं तसं त्याने घरच्यांना स्वयंपाकघरात उभं केलं.

"पत्रा कधी उडाला?"

"मंगळवारी, वादळात," वहिनी म्हणाली.

"त्याआधी गळत होतं?"

"छे! टिपूससुद्धा नाही."

"बाबा, तुम्ही?"

बाबांना आधी खोकला आला. उभा जन्म त्यांनी गाद्या शिवण्यात आणि सोफे भरण्यात काढला होता, आणि त्यांच्या छातीत जाऊन बसलेला कापूस काही बाहेर यायला तयार नव्हता. खोकला संपल्यावर भिंत धरून ते म्हणाले, "अचानक."

"धाकटे?"

"मला कोण विचारणार आहे? मी दिवसभर लॅबमध्ये असते."

"आज रजा आहे ना तुझी? विचारलंच तर?"

"अचानक."

"शाब्बास. आणि त्यापुढे एक अक्षर नाही. तुझ्या जिभेला ब्रेक नाहीये."

धाकटी हसली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. नळाचं, विहिरीचं, टाकीचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि त्यात काय काय वाढतंय ते ती सांगायची. घरात तिच्या ज्ञानाचा उपयोग दूध नासलंय का ते वास घेऊन सांगण्यापुरता होता. पण आजचं गांभीर्य तिलाही कळत होतं. छातीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की छत बदला नाहीतर बाबांना त्या खोलीतून हलवा. आणि हलवायला एकच जागा होती, ती म्हणजे धाकटीची चिंचोळी खोली. पुढच्या खोलीत ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस होतं, उरलेली दादा-वहिनींची. बाबाच नको म्हणत होते. "पोरीची प्रवेश परीक्षा तोंडावर आलीय. तिची खोली हिसकावून मी श्वास घेऊ होय?" म्हणजे विमा मिळाला तर छत होणार, आणि नाही मिळाला तर त्या खोलीत कोणीतरी राहायचंच. प्रश्न फक्त कोणी, एवढाच.

तसं पाहिलं तर दादा खोटंही बोलत नव्हता. मंगळवारी वादळात कोपऱ्यातला पत्रा खरोखरच उचकटला होता. फक्त त्याच्या आधीपासून त्याच पत्र्याच्या खिळ्याच्या भोकातून पाणी झिरपत होतं. पहिला थेंब पडला तेव्हा धाकटीनेच दादाला सांगितलं होतं. "बघू," दादा म्हणाला होता. दादाचं 'बघू' म्हणजे शिकाऊ माणसाने दिलेला सिग्नल. दाखवायचा डावीकडे आणि जायचं सरळ.

सर्व्हेअर अकरा वाजता आला. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, बोलायला मऊ. दाराबाहेर बूट काढून त्याने ते जोडीने नीट लावले. बाबांना वाकून म्हणाला, "आजोबा, तुम्ही उठू नका हं, बसा." वहिनीला म्हणाला, "चहा अगदी अर्धा कप, ताई." वहिनीने दादाकडे पाहिलं. माणूस चांगला दिसतोय, असं त्या पाहण्यात होतं.

बाबांच्या खोलीत त्याने टॉर्च वर मारला. लाकडी फळ्यांच्या पट्ट्या ठोकलेली, कधीकाळी पांढरा रंग दिलेली ती तक्तपोशी कोपऱ्यात फुगून पोट सुटल्यासारखी खाली आली होती. तिच्यावरून काळी बुरशी भिंतीवर उतरली होती, कपाटाच्या मागे शिरली होती. वास ओल्या गोणपाटाचा.

"अरेरे," सर्व्हेअर म्हणाला. "हे सगळं मंगळवारचं?"

"अचानक झालं हो," दादा म्हणाला.

"वादळच तसं होतं." त्याने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. "म्हणजे सहा दिवस. सहा दिवसांत एवढी बुरशी. होतेच म्हणा. ओल मिळाली की हिला काय, रातोरात उगवते. कुत्र्याच्या छत्रीसारखी."

"बरोबर बोललात," दादा म्हणाला.

"अगदी," वहिनी म्हणाली.

बाबांनी मान हलवली.

धाकटी दारात उभी होती. तिने ओठ घट्ट मिटले. कुत्र्याच्या छत्रीसारखी! तिला कुणीतरी पाठीवर कुसळ टोचावं तसं झालं. सर्व्हेअर लिहीतच होता. लिहिता लिहिता, कुणाकडेही न पाहता, पुन्हा पुटपुटला, "दोघी एकाच जातीच्या."

"नाही," धाकटी म्हणाली.

"काय नाही?"

"एका जातीच्या नाहीत. छत्री रातोरात उगवते असं वाटतं, पण ती जमिनीखाली आधीच तयार असते. घडी घालून ठेवल्यासारखी. पाऊस पडला की फक्त पाणी भरून फुगते. ही तशी नाही. हिला वाढावं लागतं."

"असं होय!" सर्व्हेअरने पेन खाली केलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं निखळ कौतुक होतं की धाकटी क्षणभर गोंधळली. या घरात तिला कुणी 'असं होय' म्हटलं नव्हतं. "तुम्ही शास्त्र शिकलात?"

"पदवी झालीय. पुढची परीक्षा देतेय."

"अगं, चहा उतू जाईल, बघ जरा!" वहिनी म्हणाली.

"चहा तुम्हीच ठेवलाय ना, वहिनी?"

दादा टेबलाजवळ उभा होता. त्याचा उजवा पाय फरशीवर दाबला जात होता, सरळ, घट्ट. शिकाऊ माणूस गाडी भिंतीवर न्यायला लागला की शेजारच्या सीटवरून तो आपल्या बाजूचा ब्रेक असाच दाबायचा. फरशीला ब्रेक नव्हता.

"मग सहा दिवसांत साधारण कितपत वाढेल? आमच्यासारख्या अडाण्याला समजेल असं सांगा," सर्व्हेअर म्हणाला.

"ठिपके दिसतील. फिकट. असा थर नाही." आता तिच्या आवाजाला वेग आला होता. "आणि बुरशीवरून कशाला ठरवायचं? ती पिवळी वलयं बघा ना."

"कुठली?"

"फळीवर. पाण्याचा डाग वाळताना रंग कडेला आणून टाकतो. एकदा भिजून वाळलं की एक वलय."

"झाडाच्या खोडासारखं!"

"खोडात वर्षाला एक. इथे भिजण्याला एक."

"कमाल आहे," सर्व्हेअर म्हणाला आणि टॉर्च तिच्या हातात दिला. "मोजता येतात?"

"धाकटे," बाबा खाटेवरून म्हणाले. हलकेच म्हणाले, आणि पुढे खोकला आला.

ती स्टुलावर चढलीसुद्धा. बोट लावत लावत तिने मोजलं, दोन ठिकाणी वलयं एकमेकांत मिसळली होती तिथे परत मागे जाऊन मोजलं. "अकरा," ती म्हणाली. मग अचूक राहावं म्हणून तिने पुढे जोडलं, "किमान अकरा. नंतर मोठं भिजलं असेल तर आधीची लहान वलयं पुसली जातात."

"किमान," सर्व्हेअरने तो शब्द म्हणत म्हणत लिहिला.

तेव्हा ती खाली वळली आणि तिला घरच्यांची तोंडं दिसली. टॉर्च हातातच होता.

सर्व्हेअरने फोटो काढले, चहा प्यायला, साखर अगदी बेताची आहे म्हणून वहिनीचं कौतुक केलं, बाबांना जपा म्हणाला आणि बूट घालून गेला.

धाकटीला वाटलं होतं, दादा ओरडेल. तो पुढच्या खोलीत जाऊन शिकाऊ लोकांच्या तारखा लावत बसला. फक्त वहिनी कप विसळताना म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय."

आठवड्याने पत्र आलं. दादाने ते जेवताना वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकेक शब्द सुटा करून. "घरातील विज्ञान पदवीधर सदस्याने प्रात्यक्षिकासह स्पष्ट केल्यानुसार छत किमान अकरा वेळा भिजले असून, नुकसान अचानक नसून दीर्घकालीन दुर्लक्षामुळे झाले आहे. सबब दावा नामंजूर." मग त्याने पत्राची घडी घातली आणि तिच्या ताटाजवळ ठेवली. "घे. सर्टिफिकेट आहे तुझं. फ्रेम करून लाव."

"पत्रा खरंच उडाला होता," धाकटी म्हणाली. "त्याचे तरी त्यांनी—"

"हे तेव्हा का नाही सुचलं?"

"आणि पहिल्या थेंबाला मी तुला सांगितलं होतं, दादा."

"मला सांगितलंस ना? मग तिथेच थांबायचं. त्याला कशाला सांगितलंस?"

तिने पत्र ताटाजवळून उचललं.

दुसऱ्या दिवशी लॅबच्या जिन्यात उभं राहून तिने सर्व्हेअरला फोन लावला. त्याने आवाज लगेच ओळखला. "बोला मॅडम! परीक्षेचा अभ्यास कसा चाललाय?"

"मी मोजण्यात चुकले असेन. वलयं मिसळलेली होती."

"मग किती होती? नऊ? आठ?"

'एक' म्हणायला हवं होतं. तोंडातून निघेना.

"बघा," तो म्हणाला, तितकाच मऊ. "मत बदलायचं तर पुरावा बदलायला हवा, हे तुम्हाला मी काय सांगावं. खरं सांगू? ती छत्रीची गोष्ट मी सगळीकडे काढतो. लोक हो हो म्हणतात, आणि मग माझं अडतं. मला स्वतःला शिडी चढावी लागते, दहा फोटो काढावे लागतात, वर साहेब विचारतात कशावरून. तुम्ही माझा अर्धा दिवस वाचवलात."

गोगलगाय नि पोटात पाय, असं तिची आई म्हणायची अशा माणसांना. आई जाऊन आठ वर्षं झाली होती.

रविवारी दादाने बाबांची खाट उचलली. धाकटीला विचारलं नाही; ती पुस्तकं काढायला लागली तेव्हा वहिनी म्हणाली, "हळू गं, प्रात्यक्षिकबाई. भिंतीला लागेल." हे नाव आता घरात रुळलं होतं. प्रात्यक्षिकबाई, मीठ द्या. प्रात्यक्षिकबाई, वरण उतू जायला किमान किती वेळ आहे? बाबाही एकदा हसले होते, आणि हसताना नेहमीसारखा खोकला आला नव्हता.

"मी ऑफिसात झोपेन," धाकटी दादाला म्हणाली. "सकाळी लोक यायच्या आत उठेन."

"आणि त्या खोलीतलं कपाट कुणी हलवायचं? सामान कुणी पुसायचं? रोज पुसावं लागतं ना? तूच म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग? तुला त्यातलं कळतं. आम्ही अडाणी."

बाबा खाटेच्या दांडीला धरून उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. पोरीची खोली हिसकावून मी श्वास घेऊ होय, असं म्हणणारे बाबा. ते खिडकीकडे बघत होते, तिच्या खिडकीकडे, आणि त्यांचा श्वास शिट्टी न वाजवता आत-बाहेर होत होता. "हवा छान आहे इथे," ते म्हणाले.

पंधरा दिवसांत बाबांच्या चेहऱ्यावर रंग आला. शेजारच्या काकू त्यांना बघायला आल्या. धाकटी पाण्याचा तांब्या-पेला घेऊन दारापर्यंत आली, तेव्हा काकू विचारत होत्या, "मग धाकटी कुठे निजते? त्या काळ्या खोलीत?"

"अहो, तिने हट्टच धरला," बाबा म्हणाले. "त्या बुरशीचा अभ्यास करायचाय म्हणे तिला. तिच्या परीक्षेला आहे ते. मी किती सांगितलं, ऐकते कुठे!"

दादा वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटलं नाही.

काकू वळल्या. "खरं का गं?"

धाकटीच्या घशात चार दिवसांपासून काहीतरी खरखरत होतं. परीक्षेला बुरशीचा एक धडाही नव्हता. तिने तांब्या खाली ठेवला.

"हो," ती म्हणाली.

"शिकलेल्या मुलींचं बाई वेगळंच," काकू म्हणाल्या.

तिने भरून दिलेला पेला बाबांनी तोंडाला लावला आणि परत तिच्यापुढे धरला. "गार आहे गं. जरा कोमट करून आण."