डब्याचा दोष

"गाणं कमी, खटपट जास्त. चहा मात्र वेळेवर पाहिजे."

दयाराम हे स्वतःशीच पुटपुटला. पण टेबलावरचा माइक चालू होता आणि चंदाच्या कानांवर हेडफोन होता, त्यामुळे तिला ते दोनदा ऐकू आलं. एकदा हेडफोनच्या गादीतून गाळून आलेलं, आणि क्षणभरानं तेच पुन्हा, कॉम्प्युटरमधून फिरून, मध्ये टक् टक् करत. जसा काही एक नवरा पुरत नव्हता.

"अहो, ऐकलं मी," ती म्हणाली. "दोन्ही वेळा."

दयारामनं कप ठेवला आणि निमूट बाहेर गेला. कॉम्प्युटरचा नेमका हाच तर रोग होता. माइकसमोर बोललेलं कानात उशिरा यायचं आणि वर तडतडायचं. स्वतःचंच गाणं स्वतःच्या मागून लंगडत येत असेल, तर माणूस तालात गाणार कसा?

आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमधली ही गोष्ट, बाहेर मेट्रोचे खांब उभे राहत होते त्या वर्षाची. नागपूरकडून नोकरीपायी लखनौला आलेल्या घरांचं एक मंडळ होतं, आणि ते दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला गाण्यांची सीडी काढायचं. सीडीतलं पहिलं गाणं चंदाचं. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. 'उजेडाला उंबरा नसतो' ही त्यातली वरची ओळ ती अशी उचलायची, की सतरंज्या टाकणारी पोरंही हातातलं काम विसरून उभी राहायची.

हिवाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मंडळाची माणसं पहिल्यांदा रेकॉर्डिंगला घरी जमली, तेव्हा ती ओळ वर जाता जाता चिरकली. खोलीत सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्यांकडे बघू लागले. मग मंडळाचे सचिव राजारामभाऊ खाकरले आणि म्हणाले की कॉम्प्युटर आवाज तोडतोय. सगळ्यांच्या जिवात जीव आला. हो हो, डब्बाच बेकार आहे, कुणीतरी म्हणालं. बाहेरचं खोदकामही आहे, दुसरं कुणी म्हणालं. शेवटी असं ठरलं, की कॉम्प्युटर ठीक होईपर्यंत तालमीला पहिलं गाणं भावना म्हणेल. भावना चंदाची लेक, कॉलेजात शिकणारी. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत द्यायची, गाणं मात्र आईचं जसंच्या तसं उचलायची.

"आई, तू टेंशन मत ले," ती म्हणाली होती. "बस थोडे दिन के लिए."

गंमत अशी की कॉम्प्युटर खरोखरच बिघडलेला होता, म्हणजे कुणी खोटं बोललं असंही म्हणता येईना. थोरला मुलगा बुद्धभूषण बंगलोरला जाताना तो मागे ठेवून गेला होता. त्यात लिनक्स नावाची सिस्टिम घातलेली होती, व्हायरस येत नाही आणि फुकट मिळतं म्हणून. फोनवर विचारलं की तो म्हणायचा, आई, नवीन घे ना. दयाराम म्हणायचा, घेऊ, एप्रिलनंतर बघू. राजारामभाऊ म्हणायचे, घाई कशाला, वहिनी. इतकी माणसं इतक्या प्रेमानं एका डब्याच्या बिघाडाला जपताना चंदानं कधी पाहिली नव्हती.

तेव्हा तिनं ठरवलं, डबा ठीक करायचा.

शिकवायला कुणी नव्हतं, पण तिला पेटीही कुणी शिकवली नव्हती. इंटरनेटवर अशा बिघाडांची चर्चा करणारी मंडळी तिला सापडली. त्यातला एकजण नावाऐवजी बेडकाचं चित्र लावून उत्तरं द्यायचा. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन तिनं बेडकाचं म्हणणं समजून घेतलं. आवाज साठवायची एक जागा असते, तिला बफर म्हणतात. ती मोठी केली की तडतड थांबते, पण आवाज उशिरा येतो. लहान केली की वेळेवर येतो, पण तडतडतो. चंदानं दोन्ही करून पाहिलं, आणि तिला आपल्या घरातल्या बोलण्याची आठवण झाली. इथेही सगळे मोठा बफर लावून बसले होते. तडतड नाही, आणि खरं कधी पोचतही नाही.

पुढच्या दुपारी बेडकानं तिला कॉम्प्युटरचा वेग तपासायला लावलं. तो निम्म्याहून कमी निघाला. लाइट गेली की इन्व्हर्टर जास्त चालावा म्हणून दयारामनं लेकाला सांगून मशीन विजेच्या बचतीवर बांधून ठेवलं होतं. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, हळू चाललं म्हणून काय बिघडतं?" तिनं बचत सोडवली. तडतड अर्धी कमी झाली.

उरलेली अर्धी चिवट निघाली. बेडकानं विचारलं, तुमचं नाव 'ऑडिओ' गटात आहे का? नव्हतं. या यंत्रात म्हणे गट असतात. ज्याचं नाव गटात, त्याच्या आवाजाला आधी वाट. ज्याचं नाही, त्यानं रांगेत उभं राहायचं. पुढे छपाई जाणार, घड्याळ जाणार, फायली शोधणारं कुठलंसं काम जाणार, आणि सगळ्यांचं झालं की मग याचा आवाज. गटात नाव नसलं की काय होतं, हे चंदाला शब्दकोशात बघायची गरज पडली नाही. तिच्या आजानं विहिरीवर ते बघितलं होतं, आणि तिनं स्वतः शाळेच्या गॅदरिंगमध्ये. तिनं एकेक अक्षर दाबून स्वतःचं नाव त्या गटात घातलं, दातओठ खात. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

बफर लहान केला आणि गायली. आवाज जागच्या जागी, तोंडातून निघाला की कानात. आवाज किती वेळा तुटला ते मोजणारा पडद्यावरचा आकडा शून्यावर होता, गाणं संपलं तरी शून्यावर.

मग तिनं रेकॉर्डिंग लावून ऐकलं. लख्ख होतं. श्वास घेतलेला कळत होता. आणि वरच्या ओळीवर आवाज फाटत होता, तोही लख्ख. मध्येच नुसती हवा, मग एक खरखर, मग पुन्हा सूर.

एक गोष्ट अगदी सोपी होती. गटातून नाव काढायचं. मशीन पुन्हा बचतीवर बांधायचं. तडतड परत येईल आणि दोष परत डब्याकडे जाईल. कुणाला कळणार नाही, आणि कळलं तरी कुणी बोलणार नाही. घरभर सगळे तिला पिसासारखं जपत राहतील. तिचा हात की-बोर्डवर गेलाही.

मग तिनं तो हात उचलून राजारामभाऊंना फोन लावला. या म्हणाली, रविवारी दुपारी, मेट्रोवाल्यांची जेवायची सुट्टी असते तेव्हा.

रविवारी तिघे समोर बसले: दयाराम, भावना आणि राजारामभाऊ. चंदानं पंखा बंद केला. बाहेर खोदकाम थांबलेलं होतं. तिनं आकडा दाखवला, तो शून्य म्हणजे काय ते सांगितलं आणि स्पीकरवर गाणं लावलं.

वरची ओळ आली आणि फाटली. गाणं संपलं. पुन्हा अंगठे बघणं सुरू झालं.

राजारामभाऊ म्हणाले, माइक बहुतेक जुना असावा. चंदानं तोच माइक भावनापुढे धरला आणि ओळ म्हणायला लावली. भावनानं म्हटली, डोळे खाली घालून. चंदानं ती लावून ऐकवली. काचेसारखी स्वच्छ होती. दयाराम म्हणाला, हेडफोनचं काही असेल. तिनं त्याला आठवण करून दिली की आता स्पीकरवर ऐकतोय. राजारामभाऊंनी खिडकीकडे पाहिलं, पण खोदकाम काही सुरू होईना.

"आई, रहने दो ना," भावना म्हणाली.

"नाही राहू देत," चंदा म्हणाली. "बोला. अजून कशात दोष आहे? असेल तर सांगा, तोही काढते."

दयारामनं तोंड उघडलं, तिच्या गळ्यावरच्या वणाकडे बघितलं आणि मिटलं. भावनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

चंदानं पेटी पुढे ओढली. भाता मोकळा केला.

"मग मीच सांगते," ती म्हणाली. "डबा ठीक आहे. आवाज माझा गेलाय. ऑपरेशनपासून वरचा गेलाय, आणि तो परत येणार नाही. खालचा आहे. काळी पाचची पट्टी सोडली मी, खाली उतरून काळी तीनमधून गाते. पहिलं गाणं मीच गाणार, राजारामभाऊ, आणि ते या आवाजात असेल. नको असेल तर आता माझ्या तोंडावर सांगा, की चंदा, तुझा आवाज आम्हाला नको."