सुईचे तीन टोचे

पणजोबांनी घोडागाड्यांना कंदील बसवले. आजोबांनी मोटारींचे डायनामो गुंडाळले. वडिलांनी ट्रकांच्या वायरिंगपायी डोळे आणि कंबर दोन्ही झिजवली. त्या तिघांच्या पाठोपाठ गॅरेजच्या दारात उभी राहिली ती थोरली लेक; आणि तिला दोष सापडला नाही असे वाहन त्या रस्त्यावर नव्हते.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तिच्या काकांचे, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाचे, गॅरेज होते. आठ वर्षांपूर्वी वायर तपासण्याच्या पद्धतीवरून दोघा भावांत शब्दाने शब्द वाढला. "मला शिकवतोस? चालू लाग!" असे थोरला म्हणाला, आणि धाकटा खरोखरच चालू लागला. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

त्या सकाळी बाहेर सगळे गोठलेले असताना सहा ट्रकांच्या मालकीणबाई स्वतः एक ट्रक चालवत आल्या.

"तुझ्या काकांनी महिन्यापूर्वी नळीवर नवा हीटर बसवला, तरी इशाऱ्याचा दिवा पुन्हा पेटलाय," त्या उतरता उतरताच म्हणाल्या. "धूर स्वच्छ करायचं ते पाणी नळीत गोठतं आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चालते. तू तपास. त्यांच्या कामात खोट निघाली, तर आजपासून माझे सहाही ट्रक तुमच्याकडे."

लेकीने मनात हिशेब केला. हे सहा ट्रक गेले, तर काकांच्या गॅरेजला कुलूपच लागणार होते.

वडिलांची मात्र कळी खुलली. "धाकट्याचं काम! त्यात तपासायचंय काय?"

"बाबा, आधी मीटर बोलू दे. मग तुम्ही बोला."

फ्यूज शाबूत होता. हीटरला वीज सोडणारा रिले टक् करून वेळच्या वेळी ओढला जात होता. हीटरचा रोध तिने मोजला. पुस्तकात दिला होता तेवढाच भरला.

"हीटर ठणठणीत आहे," ती म्हणाली.

"प्लगमध्ये व्होल्ट बघ," वडील म्हणाले.

"चोवीस."

"आले ना पुरते? म्हणजे वायर निर्दोष. हीटरच तुला बनवतोय."

मीटरला चिमूटभर वीज पुरते, हीटरला ओंजळभर लागते, हे तिला पक्के ठाऊक होते. तिने त्या प्लगला हेडलाइटचा बल्ब जोडला आणि स्कॅनरवरून हीटर चालू करण्याची आज्ञा दिली. बल्बची तार जेमतेम लालसर झाली. मीटर चोविसावरून सहावर घसरला.

"वीज वाटेतच कुणीतरी खातंय," ती म्हणाली आणि पाठ टेकून ट्रकखाली सरकली.

वीज परत नेणारी अर्थिंगची बाजू स्वच्छ होती. मधल्या जोडापर्यंत वीज पुरती येत होती, तिथून पुढे मात्र हरवत होती. वायरीवरचे संरक्षक नळकांडे सोडून तिने ती वायर दोन बोटांत धरून चाचपत नेली. एके जागी वायर पिकल्या फळासारखी मऊ लागली. आत तांबे जवळजवळ उरलेच नव्हते. हिरवी भुकटी आणि धूर स्वच्छ करणाऱ्या त्या पाण्याचे पांढरे खडे होते. आणि वरच्या आवरणावर, एका रेषेत, तीन बारीक भोके.

वायर न सोडता सुई टोचून वीज पाहायची, ही आजोबांची शिकवण. तीही तीनदा: एकदा शंकेसाठी, एकदा खात्रीसाठी, एकदा हाताच्या समाधानासाठी. इतर लोक एकदा टोचून उठत. तीनदा टोचणारे हेच एक घराणे. त्यातही काकांनी सुई केव्हाच टाकली होती, भांडण झाले ते त्यावरूनच. आणि हा ट्रक गेल्या हिवाळ्यात, काकांचे गॅरेज बंद असताना, एकदा वडिलांच्या हाताखालून गेला होता.

"बाबा, जरा खाली या."

वडील कण्हत-कुंथत खाली आले. त्यांनी पाहिले, आणि बोटाने एकेक भोक चाचपले.

"मी सांगू, की तुम्ही सांगता?" तिने हळूच विचारले.

"आधी वायर बदल."

तिने तो तुकडा अखंड बदलला, जोडांवर रबरी वेष्टन आवळून बसवले. पुन्हा आज्ञा दिली तेव्हा बल्ब लख्ख पेटला. मग हीटरचा प्लग लावला. थोड्या वेळाने नळी तळहाताला कोमट लागली आणि समोरचा पिवळा दिवा विझला.

"सुटले बाई!" मालकीणबाईंनी श्वास सोडला. "म्हणजे काकांनी घोळ घातला होता तर?"

लेकीने तोंड उघडण्याआधीच वडील बोलले. "त्याचा हीटर सोन्यासारखा आहे. घोळ माझा. गेल्या वर्षी वायरला भोकं मी पाडली. तुमचे ट्रक त्याच्याकडेच राहू द्या."

"स्वतःच्या तोंडानं सांगताय म्हणजे कमालच झाली," मालकीणबाई म्हणाल्या. "राहतील."

लेकीच्या जिवात जीव आला. वडिलांनी हात पुसले आणि बर्फाळ रस्त्यावरून, भिंतीचा आधार घेत, ते दुसऱ्या टोकाकडे निघाले. लेक मागोमाग गेली.

काकांनी बॉनेटखालून डोके काढले. "दादा? एवढ्या निसरड्यात चालत? घरी सगळे बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. तू म्हणाला होतास, भोकातून पाणी शिरतं. शिरतं रे. तू बरोबर होतास, मी चूक होतो. आणि 'चालू लाग' म्हणालो, ती त्याहून मोठी चूक."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. "किती टोचे होते?"

"तीन."

"मोजून?"

"मोजून!"

दोघेही डोळ्यांत पाणी येईतो हसले. आठ वर्षे थकलेले देणे थोरल्याने एका दमात, एक अक्षरही मागे न ठेवता, फेडून टाकले.