गुणाजीचं नाक आणि मी

मी सूर बोलतोय. सनई नव्हे, सूर.

लग्नात मांडवाच्या तोंडाशी सनईवाला बसतो, आणि त्याच्या शेजारी तशीच नळी तोंडाला लावून, गाल फुगवून आणखी एक माणूस बसलेला असतो ना, त्याच्या हातातली नळी म्हणजे मी. लोकांना वाटतं आम्ही दोघं मिळून गाणं वाजवतो. गाणं सनई वाजवते. मी आपला एक स्वर धरून बसतो. वरात आली तरी तोच, अक्षता पडल्या तरी तोच. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि त्याचं मला काही वाटतही नाही. मी थांबलो तर मात्र जेवणाऱ्याचा हात पानावरच थांबतो. काय बंद पडलं, म्हणून तो इकडंतिकडं बघतो.

तळ्याकडच्या एका कातार्‍यानं मला शिसवीच्या लाकडातून कातून काढलं. खाली पितळेचा पेला बसवला, वर ताडाच्या पानाची पत्ती. सनईला पाडतात तशी भोकं पाडली आणि मग एक सोडून सगळी मेणानं बुजवून टाकली. नवा होतो, मला वाईट वाटलं. कातारी आपल्याशीच पुटपुटला, "याला एकच काम. भोकं जास्त ठेवली की भरकटतो." तर असा मी जन्माचा चोंदलेला. आणि माझं आयुष्य गेलं एका माणसाचं नाक उघडं राहावं म्हणून काळजी करण्यात.

त्याचं असं आहे बघा. सूर मध्ये तोडायचा नसतो. मग वाजवणाऱ्यानं श्वास घ्यायचा कधी? तर गालात वारा साठवायचा, तो गालानंच हळूहळू माझ्यात सोडायचा आणि तेवढ्यात नाकानं नवा श्वास ओढून घ्यायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. सनईवाल्याला मध्ये दम घ्यायला जागा मिळते, गाणं वळतं तिथं तो हळूच घेतो. सूर धरणाऱ्याला ती सोय नाही. त्याचं सगळं नाकावर.

माझा पहिला धनी बाळाजी. त्यानं आपल्या मुलाला, गुणाजीला, हे अंगणात बसवून शिकवलं. पपईच्या पानाचा पोकळ दांडा, एक टोक तोंडात, दुसरं पाण्याच्या तांब्यात. फुंकायचं. पाण्यात बुडबुडे आले पाहिजेत आणि ते थांबता कामा नयेत. पोरगं श्वास घ्यायला थांबलं की बुडबुडे थांबायचे, मग बाळाजी नुसतं म्हणायचा, "पुन्हा." रागावला नाही कधी. अंगणातल्या पपईला पानं राहिली नाहीत, तेव्हा कुठं गुणाजीचे बुडबुडे अखंड झाले. त्या दिवशी बाळाजीनं मला त्याच्या हातात दिलं.

सनई गुणाजीच्या चुलतभावाकडे, भागोजीकडे. भागोजी थोरला, अंगानं उंच, बोलायला फटकळ. ताशावर सदा नावाचा गडी. असा आमचा ताफा. श्रीवर्धन, म्हसळा, दिवेआगर, जिथून बोलावणं येईल तिथं जायचं. किती मुली आम्ही सासरी पाठवल्या! मांडवातली माणसं रडत असायची आणि भागोजी कोरड्या डोळ्यांनी वाजवत असायचा. म्हणायचा, "आपून रडलो तर वाजवील कोन?"

गुणाजीचं नाक तसं लहानपणापासून नाजूक. धूळ उडाली की शिंका, हवा बदलली की एक बाजू बंद. पण निभायचं. एका लग्नसराईत मात्र सर्दी जी बसली ती हलेना. दुसऱ्या दिवशी लग्न. मेडिकलवाल्यानं एक बाटली दिली, नाकात फवारा मारायची. गुणाजीनं एकेका बाजूला एकेक फवारा मारला, आणि काय सांगू! गंजलेल्या कडीचं दार धाडकन उघडावं तसं नाक उघडलं. त्या दिवशी त्यानं मला असं धरलं की भागोजीसुद्धा मान हलवून म्हणाला, "आज बाळाजीकाका बसल्यासारखा वाटला रं."

ती बाटली माझ्याच पिशवीत राहायला आली. मी म्हटलं, पाहुणी आहे, जाईल चार दिवसांत. मेडिकलवाल्यानंही तेच सांगितलं होतं. पण गुणाजीला वाटलं, बरं वाटतंय ते सोडायचं कशाला?

मग ती सकाळी आणि झोपताना लागायला लागली. पुढं जेवणाआधीही, कारण नाक बंद असलं की घास गिळताना दम लागतो. एक बाटली खिशात, एक उशीखाली, एक देवळीत पणतीमागं. औषधाचा जोर उतरला की नाक आधीपेक्षा गच्च व्हायचं, म्हणून पुन्हा फवारा. त्याची बायको रतन कपाळाला हात लावायची.

"अवो, बाजाराला निघालाव तर पिशवी इसरलाव, चष्मा इसरलाव. बाटली मातूर बरी खिशात हाय!"

"ती नसली तर मी बाजारापर्यंत पोचन का?"

"आधी पोचत व्हतात की. पायांनी चालून."

दिवेआगरला एका वाडीत लग्न होतं. सुपारीच्या झाडांमधून कनाती लावलेल्या, पाहुणे मुंबईचे. वधू मांडवात यायला निघाली, भागोजीनं सनई उचलली, आणि गुणाजीच्या ध्यानात आलं की बाटली संपलीय. दाबली, हलवली, पुन्हा दाबली. नुसती फुस्स. त्यानं मला तोंडाला लावलं. गालातला वारा संपत आला तसा त्यानं नाकानं ओढून पाहिलं. भिंतीला नाक लावून ओढल्यासारखं झालं. त्याचा चेहरा लाल झाला. मी तुटलो.

सदानं प्रसंग ओळखून ताशा बडवायला सुरुवात केली. मुंबईच्या पाहुण्यांना ते फार आवडलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आमच्या लोकांना कळलं.

परतीच्या टेम्पोत भागोजी सनई पुसत बसला. मग म्हणाला, "गुण्या, प्रणालीचं लगीन वैशाखात. तवा मी मोबाईलवर सूर लावनार. येतोय आता मोबाईलवर. स्पीकरला जोडला का दिवसभर चालतो." आणि वर म्हणाला, "त्याचं नाक चोंदत न्हाय."

गुणाजीनं मला पिशवीतून काढून मांडीवर घेतलं आणि गाव येईपर्यंत तसाच बसला.

प्रणाली भागोजीची एकुलती एक. आई लहानपणीच गेली. बाप सनईच्या रियाजाला बसला की ही गुणाजीच्या मांडीवर यायची आणि त्याच्या फुगलेल्या गालात बोट खुपसायची, तरी सूर तुटायचा नाही, म्हणून खदखदून हसायची. आता अलिबागला एका पतपेढीत नोकरीला आहे. मोबाईलचा बेत तिच्या कानावर गेला तशी ती तडक घरी आली.

"बाबा, मोबाईलच्या सुरावर मी घर सोडनार न्हाय. काका पायजे."

"काकाचं नाक कुठं हाय ठिकान्यावर!"

"मग नाक ठिकान्यावर आनू. काका, कपडे घाला. सकाळच्या एस्टीनं अलिबागला."

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळावर दिवा लावून गुणाजीच्या नाकात पाहिलं आणि हात पुढं केला. "बाटली द्या." गुणाजीनं खिशातली दिली. "दुसरी?" त्यानं पिशवीतली दिली. मी तिथंच होतो. पिशवी त्यानं बरोबर आणली होती, सवयीनं.

"किती दिवस मारताय?"

"दोन पावसाळं झालं."

त्या रागावल्या नाहीत. समजावून म्हणाल्या, "आजोबा, ही चार दिवसांची सोबत. त्यापुढं मारत राहिलात की जोर उतरल्यावर नाक आतून जास्तच सुजतं. आता तुमचं नाक सर्दीनं बंद होत नाहीय. या बाटलीनं होतंय." मग त्यांनी दुसरं औषध लिहून दिलं, ते सावकाश गुण देणारं. कोमट मिठाच्या पाण्यानं नाक कसं धुवायचं ते दाखवलं. माळ्यावर पेंढ्याशेजारी झोपणं बंद करायला सांगितलं. आणि बाटली एकदम दोन्हीकडं सोडवत नसेल तर आधी एकाच बाजूची सोडा, ती मोकळी झाली की दुसरी.

"म्हंजे तोवर अर्ध्या नाकानं?" गुणाजी म्हणाला.

"अर्धं तरी आपलं स्वतःचं असेल."

प्रणाली बाहेर येईपर्यंत हसत होती.

सोपं नव्हतं ते. उजवी बाजू सोडली, तर ती अशी रुसून बसली की गुणाजी तोंड उघडं टाकून फिरायचा, आणि शेजारीण विचारायची, "काय झालं, कसलं नवल बघताव?" रतननं घरातल्या बाटल्या शोधून शोधून ताब्यात घेतल्या. उजव्या बाजूचा नेम पाळून डावीला लागेल तेवढा फवारा ती स्वतःच्या हातानं द्यायची, प्रसाद दिल्यासारखा.

पण गुणाजीनं एक लपवून ठेवलीच. कुठं, ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्याच पितळी पेल्यात, खालून, फडक्यात गुंडाळून.

रियाजाला सगळे ओट्यावर जमले. भागोजीनं सनई लावली, गुणाजीनं बाटलीचं विसरून मला उचललं आणि फुंकलं. मी जो आवाज काढला तो आवाज कातार्‍यानंही कधी ऐकला नसेल. म्हशीला पडसं व्हावं तसा. गुणाजी थबकला. पुन्हा फुंकलं, पुन्हा म्हैस.

सदानं ताशाची काडी खाली ठेवली. "भागोजीदादा, आता सुराचं पन नाक चोंदलं!"

भागोजीनं मला हातात घेऊन उलटं केलं आणि आपटलं. फडकं पडलं, फडक्यातून बाटली घरंगळत ओट्याच्या कडेशी गेली. सगळे बाटलीकडे बघत राहिले. गुणाजी मान खाली घालून बसला. मला वाटलं, आता भागोजी तोंड सोडणार आणि माझी जागा मोबाईलला जाणार.

तेवढ्यात गुणाजीच हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून. "याला बी माझी सवय लागली रं," तो म्हणाला. उठला, बाटली उचलली आणि आत जाऊन रतनच्या हातात दिली. "ही शेवटची. खरंच शेवटची."

त्यानंतर तो पपईकडे गेला. बापानं लावलेली ती पपई कधीच गेली होती, पण तिच्याच बियांची दुसरी होती. एक दांडा तोडला, तांब्यात पाणी घेतलं आणि अंगणात बसला. पिकल्या केसांचा माणूस पोरासारखा बुडबुडे काढतोय, येणारेजाणारे हसत होते. उजव्या नाकानं श्वास ओढायचा, अडायचा, बुडबुडे थांबायचे. गुणाजी स्वतःलाच म्हणायचा, "पुन्हा." उजवी बाजू मोकळी झाली. मग डावी सोडली, ती रुसली, तीही हळूहळू मोकळी झाली. एका संध्याकाळी रतन चूल सोडून बाहेर आली, उंबऱ्यात उभी राहून कितीतरी वेळ बुडबुड्यांकडे बघत राहिली आणि आत गेली. त्या रात्री तांदळाच्या भाकरीबरोबर कोलंबीचं कालवण होतं. गुणाजीनं पहिल्या घासाला डोळे मिटले. "केवढा वास येतोय!" म्हणाला. दोन वर्षं त्याला आमसुलाचासुद्धा वास आला नव्हता.

वैशाखात लग्न लागलं. विधीला भागोजी बाप म्हणून पाटावर बसला, तेव्हा सनईला म्हसळ्याचा एक जण बोलावला होता. पण पाठवणीला भागोजी उठला. "माझ्या पोरीला मीच वाजवत पाठवीन," म्हणाला आणि सनई हातात घेतली. मोबाईल त्याच्या खिशात होता, गरज पडली तर म्हणून. मी तो फुगवटा पाहिला.

फुलांची गाडी रस्त्याला उभी. सनई सुरू झाली, मी खाली माझा स्वर धरला. प्रणाली सगळ्यांच्या पाया पडत आली. गुणाजीपाशी आली तेव्हा तिनं वाकून, लहानपणी खुपसायची तसं, त्याच्या फुगलेल्या गालात हळूच बोट लावलं. सूर हलला नाही. मग ती बापाच्या पायाशी वाकली.

आणि सनई घुरघुरली. भागोजीनं नाक ओढलं, पुन्हा पत्तीला ओठ लावले. घुर्र. रडू आलं की माणसाचं नाक आधी भरतं, हे त्याला इतकी वर्षं माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती. सनई थांबली. सदाचा ताशा थांबला. रस्त्यावर फक्त मी राहिलो, माझ्या एकट्या स्वरासकट. प्रणाली गाडीच्या दाराशी थबकली आणि वळून बघत राहिली.

भागोजी गुणाजीच्या कानाशी आला. खिशातल्या मोबाईलची त्याला आठवणही नव्हती. नाकात बोलत म्हणाला, "गुण्या, ती बाटली हाय का रं?"

गुणाजीचं तोंड माझ्यावर, दोन्ही हात माझ्यावर. त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली.

त्याचेही डोळे भरले होते. रतननं मागून पदर घातला आणि ते टिपले. "आधी सूर," ती पुटपुटली, "मग रडा किती रडायचं ते." गुणाजीनं नाकानं श्वास ओढला. दोन्ही बाजूंनी, आत पार पोटापर्यंत. गाडी हलली, विहिरीच्या वळणावर गेली, दिसेनाशी झाली. तोवर मी होतो.

मग त्यानं मला खाली ठेवलं आणि जे रडला ते विचारू नका. दोघे भाऊ ओट्यावर शेजारी शेजारी बसले, नाकं गच्च, तोंडं उघडी. सदा म्हणाला, "एवढा मोठा ताफा, आन एक नाक धड न्हाय!" भागोजीनं त्याला चप्पल फेकून मारली. ती लागली नाही.

आता मी ओट्यावरच्या खुंटीला असतो. पत्ती नवी आहे, मेण जुनंच. ती शेवटची बाटली रतननं धुऊन घेतली, तिच्यात खोबरेल भरलं, आणि दार करकरलं की बिजागरीला फवारा मारते. दार छान उघडतं.

तुमच्याही उशाखाली अशी एखादी बाटली असली, तर तिला पाहुणीसारखी वागवा. चार दिवसांत निरोप द्या, आणि जात नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि कधी आमच्याकडच्या लग्नाला आलात, तर सनईशेजारच्या गाल फुगवलेल्या माणसाला गाव-नाव विचारत बसू नका. त्याला बोलता येणार नाही. तो मान हलवील, तेवढ्यावर समजून घ्या आणि जेवायला बसा.