पडद्याखाली राहिलेली अगाथा

मित्रांनो, नव्या वस्तूंना ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्या जाहिराती असतात. मी जुना लॅपटॉप आहे. सिंगापूरला क्लेमेंटीतल्या एका फ्लॅटमध्ये, देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर मी राहतो. स्वभावाने संकोची आहे. विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारलं तरी पटकन उत्तर सुचत नाही. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. अशाने माणसांना नाकं मुरडावीत की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. पण ज्यांच्या बोटांखाली आयुष्य गेलं, त्यांच्याविषयी मला फारसा आदर उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका कारखान्यात माझ्यासारख्याच हजारोंबरोबर माझी जुळणी झाली. धवलने मला कॉलेजसाठी विकत घेतलं. तेव्हा तो एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या डब्यात मला मांडीवर घेऊन बसे आणि मित्रांना सांगे, "सो फास्ट, लाह!" पुढे त्याला चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत नोकरी लागली, ऑफिसने नवा लॅपटॉप दिला आणि मी त्याच्या वडिलांच्या वाट्याला आलो. माझा एक स्पीकर बंद पडला होता, दुसरा खरखरत होता. एखाद्याचं कौतुक किती लवकर आटतं, हे मला तेव्हा कळलं.

वडील म्हणजे श्रीनिवासराव, जहाजावरचे निवृत्त इंजिनियर. समुद्र सुटल्यावर हाताला काम उरलं नाही, म्हणून त्यांनी पूर्वज हाती घेतले. घराण्याचा वंशवृक्ष त्यांनी माझ्यावरच तयार केला आणि फ्रेम करून हॉलमध्ये टांगला. वरच्या तीन पिढ्या अंदाजपंचे भरल्या आहेत. मी साक्षीदार आहे. त्या अख्ख्या झाडात एकही बाई नाही. एवढे पुरुष कोणाच्या पोटी आले, असं विचारायचं पाहुण्यांच्याही मनात येत नाही. ते "वा!" म्हणतात आणि चिवडा खातात. त्यातला एक शेंगदाणा अजून माझ्या कळेखाली अडकलेला आहे.

धवलची बायको हायडी कॅनडाची. तिचे पूर्वज मेनोनाइट. म्हणजे काय, ते तुमच्यासाठी सांगतो. हे ख्रिस्ती शेतकरी. शस्त्र हाती धरायचं नाही, असा त्यांचा नेम. राजे सैन्यात या म्हणायचे, की हे बिऱ्हाड उचलून पुढच्या देशात जायचे. जाताना जन्ममृत्यूच्या नोंदी मात्र जपायचे, आणि आता त्यांच्या वंशजांनी त्या सगळ्या इंटरनेटवर एका ठिकाणी आणल्या आहेत.

हायडीला पहिली मुलगी झाली ती काही दिवसच जगली. तिचं नाव अगाथा ठेवलं होतं. नंतर दुसऱ्यांदा दिवस गेले, मुलगी आहे असं कळलं आणि हायडी जेवताना हळूच म्हणाली, "आई, हिचं नावपण अगाथा ठेवायचंय मला."

धवलची आई सुलभाताई. त्यांच्या हातातला डाव भातात तसाच राहिला. "गेलेल्या लेकराचं नाव? आमच्यात नाही ठेवत, बाई. ते नशीब मागे लागतं."

"आमच्यात ठेवायचे. आजी सांगायची. तिची आजी होती ना, तिचंच अगाथा हे नाव गेलेल्या बहिणीचं होतं."

"पुरावा?" श्रीनिवासराव म्हणाले. "ऐकीव गोष्टींवर वंशावळ चालत नसते. तुमच्या लोकांच्या नोंदी आहेत ना? मी बघतो. मला अनुभव आहे."

"बाबा बघतील ना. लीव्ह इट, लाह," धवल म्हणाला आणि वाटीतलं वरण संपवू लागला. याच्या मांडीवर मी बसत होतो, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवासरावांनी मला उघडलं आणि दोन बोटांनी नाव टाइप केलं: अगाथा, पुढे तिच्या नवऱ्याचं आडनाव. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी मलाच चापट मारली. मी पुन्हा म्हटलं, काही नाही.

"माहेरचं आडनाव टाका, बाबा," मागून हायडी म्हणाली. "आमच्याकडे बायका वडिलांच्या नावाखाली सापडतात."

"लग्न झाल्यावर माहेरचं नाव राहतंच कुठे?" ते हसून म्हणाले. "हिचंच बघ. आली तेव्हा नीलिमा होती. ताटभर तांदळात मी सुलभा लिहिलं, संपला विषय!"

स्वयंपाकघरात मिक्सर जरा जास्तच वेळ फिरला.

माहेरचं आडनाव टाकल्यावर सगळं कुटुंब पडद्यावर आलं. रशियातलं एक गाव, आई, बाप आणि खाली ओळीने मुलं. त्यात अगाथा होती. श्रीनिवासरावांनी तिचं जन्मसाल वाचलं, मृत्यूचं साल वाचलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"ही दोन वर्षांची असतानाच गेली. मग तुझ्या आजीची आजी कोण? भूत?"

हायडी मागे वळली. पोटावर हात ठेवून आत निघून गेली. श्रीनिवासरावांनी झाकण मिटलं. मित्रांनो, पान तिथे संपलं नव्हतं. दोन बोटं खाली आणखी नावं होती. आयुष्यभर जहाजाची यंत्रं तपासलेला हा माणूस, पण पान खाली सरकवायचा त्याला कंटाळा. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. आम्ही नुसते उजळतो.

पुढचे काही दिवस घरात कुणी नावाचा विषय काढला नाही. हायडी जेवायची, पण मान वर करायची नाही. मग एका दुपारी सुलभाताईंनी मला बहिणीशी बोलण्यासाठी उघडलं. पान तसंच होतं. त्यांचे यजमान उघडलेलं काही बंद करत नाहीत. पडद्यावरची धूळ पुसून त्यांनी कळांवरचे चिवड्याचे कण झटकले, तशी बोटं लागून पान खाली सरकलं.

त्या थांबल्या. अक्षरं लावत वाचू लागल्या. अगाथा, मृत्यू. मग एक पीटर. मग पुन्हा अगाथा, आणि तिचाही मृत्यू. मग आणखी एकदा अगाथा. हिच्यापुढे नवरा होता, मुलं होती आणि कॅनडात म्हातारपणी आलेलं मरण होतं.

तेवढ्यात बहिणीचा कॉल आला. "नीलू, ए नीलू! ऐकू येतंय का?" माझ्या खरखरत्या स्पीकरमधून नाशिकची बहीण हाका मारत राहिली. सुलभाताईंनी खुर्ची मागे सारली. त्या उठून दारात गेल्या.

"हायडी, इकडे ये गं."

दोघी माझ्यासमोर बसल्या. "या मुलांच्या आईने तिसऱ्यांदा तीच हाक मारली," सुलभाताई म्हणाल्या. "छातीच म्हणायची. मला भीती वाटते गं."

"मलापण," हायडी म्हणाली. "ही नवी तिच्या जागी नकोय मला, आई. पण ते नाव कुणी घरात घेतच नाही."

सुलभाताईंनी तिचा हात धरून ठेवला.

संध्याकाळी श्रीनिवासरावांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मग? ते पान उघडलं कोणी होतं?"

बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या, म्हणजे अनघा, पुण्यात. नवा वेगवान लॅपटॉप शेजारच्या खोलीत धवलच्या मीटिंगमध्ये होता. मुलीच्या बारशालासुद्धा! म्हणून मला पाळण्याजवळ आणलं. सुलभाताईंनी बाळाचा कान माझ्या खरखरत्या स्पीकरला लावला. बायकांनी "कुर्रर्र" केलं, आणि पुण्याहून आत्या कुजबुजली, "अगाथा." ते नाव माझ्यातून गेलं. मला कधी कोणी एवढं जवळ घेतलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर श्रीनिवासरावांनी वंशवृक्ष उघडला. कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी धवलच्या नावाखाली टाइप केलं: अगाथा. मागून सुलभाताई म्हणाल्या, "दोनदा लिहा."

त्यांनी चष्मा पुसला आणि दोनदा लिहिलं. त्यांच्याविषयीचं माझं मत अजून चांगलं नाही, पण त्या दिवशी मी त्यांना एकदाही अडकवलं नाही.

आता मला टाकून द्यायचं बोलणं चाललं आहे. कदाचित तेच योग्यही असेल. पण मित्रांनो, माझ्यासारखं जुनं काही झाकण्याआधी, आणि कुणाला खोटं ठरवण्याआधीसुद्धा, पान खाली सरकवून बघत जा. दोन बोटंच तर हलवायची असतात. आणि जमलं तर तो शेंगदाणा तेवढा काढा.