सहाव्या ट्रकची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. साखळी म्हटल्यावर गळ्यातली नाजूक साखळी डोळ्यांसमोर आणू नका. माझी एकेक कडी तुमच्या मुठीएवढी आहे आणि मला उचलताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत ट्रक बांधून ठेवणे हे माझे काम होते.

माझ्या जन्माची कहाणी फार मोठी नाही. एका कारखान्यात लोखंडी सळ्या तापवून वाकवल्या, एकमेकींत अडकवून सांधल्या आणि दोन्ही टोकांना आकडे बसवले. मग मला यंत्रावर इतके ओढले, इतके ओढले की जीव नकोसा झाला. तरी मी तुटले नाही, तेव्हा शेवटच्या कडीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला भारी तोरा होता.

बोटीवर आम्ही चोवीस जणी होतो. सहा ट्रक आणि प्रत्येकाला चार साखळ्या, दोन पुढे, दोन मागे. आमचा एक आकडा बोटीच्या जमिनीतल्या लोखंडी कडीत, दुसरा ट्रकच्या सांगाड्यात, आणि मधे ताणायचा दांडा. लोकांना वाटते, एवढा जड ट्रक, तो कुठे जाणार! पण बोट एका अंगावर कलली की ट्रक घसरू लागतो, आणि जड ट्रक एकदा सुटला की कुणाच्या बापाला आवरत नाही.

आम्हाला बांधणाऱ्या माणसाला सगळे पुन्हाराव म्हणत. बोट सुटली की तो एकदा सगळ्या साखळ्या तपासायचा, दहा मिनिटांनी परत उठायचा आणि म्हणायचा, "पुन्हा बघून येतो." लोक हसत. तो ऐकून न ऐकल्यासारखे करायचा. माझ्यावर बुटाची टोच मारून "ही आपली खमकी!" म्हणायचा. तेवढ्या कौतुकावर माझा महिना सुखात जायचा.

त्याचा धाकटा भाऊ सिमेंटचा ट्रक चालवायचा. आई धाकट्याकडे राहायची, म्हणून पुन्हारावाचा डबा त्याच्या ट्रकमधून यायचा. धाकटा स्वभावाने गरीब होता. रांगेत कुणी घुसले तरी "जाऊ दे हो" म्हणून मागे सरकायचा.

एका दुपारी आमच्यातल्या दोघी आकडे वाकले म्हणून दुरुस्तीला गेल्या होत्या. उरलो बावीस. धक्क्यावर ट्रक मात्र सहा. नियम साफ होता, चार साखळ्या नसतील तर ट्रक घ्यायचा नाही. पण सहावा ट्रक धाकट्याचा होता, आणि बेटावर शाळेच्या भिंती सिमेंटवाचून अडल्या होत्या. पुन्हारावाने तीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. सिमेंट जड म्हणून धाकट्याच्या ट्रकला त्याने चार साखळ्या लावल्या. त्याच्या मागच्या चाकाजवळ मी होते. शेजारच्या ट्रकात लाकडी कपाटे होती, हलका माल, म्हणून त्याला दोन. त्याचा विचार बरोबर होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

कपाटवाला ड्रायव्हर खाली उतरला. "भावाला चार आणि आम्हाला दोन का? चालू द्या, घरचीच बोट आहे!"

पुन्हारावाचा चेहरा पडला. कामात कधी कुणाचा बोल लावून न घेतलेला माणूस तो. सिमेंट जड आहे, एवढे दोन शब्द त्याला बोलता आले असते. त्याऐवजी खाली बसून त्याने माझा दांडा सैल केला.

"दादा, राहू दे," धाकटा खिडकीतून म्हणाला. "लाव त्यांनाच. उगाच तुझ्या नावाला बट्टा नको. मी वर प्रवाशांत बसायला जात नाही, इथेच ब्रेकवर पाय ठेवून बसतो."

"नक्की ना रे?"

"अरे, मी काय परका आहे?"

मला आणि माझ्या जोडीदारणीला त्याने कपाटांच्या ट्रकला बांधले.

बेटाच्या धक्क्याकडे वळताना बोटीच्या अंगावर आडवी लाट आली. सिमेंटचा ट्रक मागच्या बाजूने सरकला. धाकट्याने ब्रेक दाबून धरला असेल, पण ओल्या लोखंडावर चाके न फिरताच घसरत गेली. त्याने दार उघडून उडी मारली, आणि ट्रक व बोटीची भिंत यांच्यामध्ये सापडला. माझ्यापासून चार हातांवर. मित्रांनो, मी त्या वेळी केसभरही सैल झाले नाही. कपाटांच्या आरशांना साधा तडा गेला नाही.

धाकट्याच्या मृत्यूच्या चौकशीत पुन्हारावाने कुणाचेही नाव घेतले नाही. "मीच सोडवली," एवढेच तो म्हणत राहिला. त्याचे काम सुटले.

काही आठवड्यांनी तो आईला घेऊन बोटीवर आला. मला तेव्हा कोपऱ्यात टाकून दिले होते. आई माझ्याजवळ खाली बसली.

"हीच का रे ती?"

"हीच."

तिने दोन्ही हातांनी मला उचलून पाहिले. एक कडीसुद्धा जेमतेम वर आली. "किती जड आहे," ती म्हणाली. "कशी उचलायचास रे बाळा, रोज रोज?"

पुन्हाराव तिच्या मांडीवर डोके ठेवून लहान मुलासारखा रडला. माझ्या लोखंडालाही ते सोसवेना.

आता बोटीवर रुंद पट्टे आले आहेत. मी गोदामात गंजत पडले आहे. अशा आत्मकथेच्या रीतीप्रमाणे शेवटी मी तुमच्याकडे थोडे तेल मागायला हवे, पण मला ते नको. मला एवढेच सांगायचे आहे. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही कधी आपल्या माणसाच्या वाटणीचे काढून दुसऱ्याला द्यायला निघाल. तो हसून "राहू दे" म्हणेल. तेव्हा त्याचे ऐकू नका. आपल्या माणसाचा ट्रकही तितकाच जड असतो.